सर्वोत्तम तिफण

चिखली, मंगळवार, मे १९६३

पेरणीच्या तीन तिफणी, दोन वखरं, एक डवरा. सगळी अवजारं माझ्या हातची, कोणाजवळ न शिकता.

आज पेठेतले शेठ आले. म्हणाले, "मिस्तरी, तिफणीवर 'सर्वोत्तम' रंगवा, दुकानात विकायला तिन्ही घेतो."

"कोणाच्या वावरासाठी सर्वोत्तम?"

"सगळ्यायच्याच! काऊन, रंग महाग झाला काय?"

हलकी तिफण बैलांना सोपी, पण काळ्या जमिनीत बी वरच राहतं. जड केली तर बी खोल जातं, बैल थकतात. तिफण देताना घेणाऱ्याचं वावर आणि बैलजोडी पाहूनच मी तिचं नेमकं वजन ठरवतो. ती तिफण त्या वावराला सर्वोत्तम. दुसऱ्याला नाही.

हट्टी आहे का मी? असेन. पण त्या एका शब्दावर विसंबून कोणाची पेरणी वाया गेली तर? नाही रंगवणार.

शेठ तिन्हींचे दोनशे रुपये रोख देत होते. नको म्हणालो.