तीन घमेली आणि चार सेल

१४ जानेवारी १९७३, रविवार
मी नऊ वर्षांची असताना आई म्हणाली होती, "पाणी आलं की आधी भांडी भर, मग बोल." त्या एका वाक्यावर मी संसार केला, श्रीगोंद्याच्या शाळेत एकवीस वर्षं शिकवलं, आणि आता हा दुष्काळही काढते आहे. माझ्या घरात एकही भांडं अर्धं राहत नाही.
आज रंगनाथ आला. धाकटा भाऊ, बोटीवर नोकरीला. माझ्या ट्रान्झिस्टरसाठी चार सेल आणि चार्जर आणला. निकेल-कॅडमियम. विजेवर लावले की पुन्हा भरतात, शेकडो वेळा. साध्या सेलवरचा माझा विश्वास दिवाळीतच उडाला होता. आतल्या आत पाझरून त्यांनी स्प्रिंग गंजवली. हे तसे पाझरत नाहीत म्हणे. आवाजही पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत एकसारखा. अशी माणसं मिळत नाहीत.
संकल्प: वर्षभर नवा सेल घ्यायचा नाही.

१६ जानेवारी
क्रम ठरला. संध्याकाळी बातम्या, दहा मिनिटं. लगेच बंद. लगेच सेल काढून चार्जरवर. लाइटचा भरवसा नाही, आहे तोवर भरून घ्यावं.
ह्यांनी सेलसोबत आलेलं माहितीपत्रक वाचलं. हे साखर कारखान्यात केमिस्ट, छापलेलं सगळं खरं मानतात. सेल पूर्ण उतरल्याशिवाय चार्ज करू नका, नाहीतर त्यांना थोडंच द्यायची सवय लागते, असं त्यात आहे म्हणे. मी म्हटलं, ज्यांच्याकडे नळ रोज येतो त्यांनी लिहिलंय ते. हे म्हणाले, "अगं, सेल म्हणजे हंडा नव्हे." मी चहा पुढे केला. मोठेपणा.

३ फेब्रुवारी
पत्रक मीही वाचलं. नुसते पडून राहिले तरी सेल हळूहळू उतरतात, असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे रोज भरणं हेच शास्त्रीय. ह्यांना दाखवलं. हे म्हणाले, त्याच्या वरची ओळही वाच. वेळ नव्हता.

१० फेब्रुवारी
पुणे केंद्राचं पत्र! रेडिओवर माझं भाषण. 'दुष्काळातलं स्वयंपाकघर', पंधरा मिनिटं.
खरं सांगायचं तर भाषणाचा जीव शेजारच्या लंकाबाईचा आहे. ती दुष्काळी कामावर खडी फोडते. तिने तीन घमेल्यांची रीत काढली. भांडी राखेने कोरडी घासायची, मग ओळीने तिन्ही घमेल्यांत बुडवायची. दुसऱ्या दिवशी पहिल्यातलं पाणी झाडाला, दुसऱ्यातलं पहिल्यात, तिसऱ्यातलं दुसऱ्यात. रोज एकच घमेलं ताजं पाणी. सगळ्या आळीने उचललं. मीही.
तिला सांगितलं, शेवटी तुझं नाव घेणार आहे. हसली. "माझं नाव मस्टरवर बी धड लिवत न्हाईत, बाई, अन् रेडिओवर कुठून येतंय?" मी म्हटलं, शब्द दिला.

१९ फेब्रुवारी
रेकॉर्डिंग झालं. आवाज उत्तम लागला, असं मला वाटलं. मजकूर जरा लांबत होता, दोन-तीन ओळी कमी केल्या. किरकोळ.

१२ मार्च, रात्री ८
लिहवत नाही.
पावणेसातला भाषण. शाळेच्या ओट्यावर तीसेक बायका, कामावरून थेट आलेल्या. लंकाबाईने लुगडं धुतलं होतं. या दिवसांत धुतलं होतं! सगळ्यांच्या पुढे बसली.
माझा आवाज आला. घमेली आली. छबूबाईने लंकाबाईला कोपराने ढोसलं, "ऐक की गं, तुझीच घमेली!" लंकाबाई म्हणाली, "गप, नाव यायचंय."
अकराव्या मिनिटाला ट्रान्झिस्टर बंद.
साधे सेल निदान आधी घोगरे होतात, कण्हतात, माणूस सावध होतं. हे शेवटच्या क्षणापर्यंत गोड बोलले आणि गेले. मी चापट्या मारल्या. सेल काढून लुगड्याच्या पदराला पुसले. काही नाही.
मी उठून जाहीर केलं, पुढे लंकाबाईचं नाव होतं. सगळ्यांनी सेलला शिव्या दिल्या. लंकाबाईनेच माझी समजूत घातली. "जाऊ द्या, बाई. पुन्यात तर आलं असंल."

१३ मार्च
रंगनाथला चार पानी पत्र. ज्यांना दोन महिने एक दिवस न चुकता भरलं, त्यांनी असं करावं?
ह्यांनी विचारलं, "त्यांच्याकडे दहा मिनिटांच्या वर तू कधी मागितलंस?" मग म्हणाले, आता तेवढंच द्यायचं असतं असं त्यांना वाटतंय. या घरात माझी बाजू घेणारं कोणी नाही.

१५ मार्च
लंकाबाईची बहीण रतनबाई नगरला सावेडीत एका बंगल्यावर स्वयंपाकाला असते. तिथल्या मोठ्या रेडिओवर तिने भाषण अथपासून इतिपर्यंत ऐकलं. आज इकडे आली होती. नाव नव्हतं.
लंकाबाई दारात आली, उंबऱ्याच्या आत नाही. "बाई, नाव घ्यायला काय पानी लागतं व्हय?"
मी म्हटलं, वेळ कमी पडला, तिकडे कापलं. "कुनी कापलं?" मी पुन्हा म्हटलं, वेळ कमी पडला. ती मागे वळली. "घमेली गेली व्हय पुन्याला, अन् मीच तेवढी ऱ्हायले." गेली.

१६ मार्च, दुपार
मी सकाळच्या शाळेत असताना नळ येतो. माझे हंडे लंकाबाई भरते आणि मग कामावर जाते. आज हंडे दाराशी पालथेच होते.
हे कोणी वाचणार नाही, म्हणून लिहिते. रेकॉर्डिंगच्या वेळी केंद्रावरचे साहेब म्हणाले होते, तीन ओळी कमी करा. कुठल्या, ते माझ्यावर सोडलं होतं. पेन माझं होतं. माझ्या एकवीस वर्षांच्या अनुभवाच्या ओळी राहिल्या. एका ओळीत तिचं नाव होतं, ती गेली. वाटलं, गावात काय, तोंडी सांगता येईल.
आणि सोमवारी सेल गेले, तेव्हा सगळ्यांच्या आधी मला हायसं वाटलं होतं.
संध्याकाळी तिच्या दारात जाणार आहे. म्हणणार आहे, रविवारी त्याच बायका ओट्यावर बोलावते. सगळ्यांसमोर सांगते की ओळ मी कापली. मग सगळं भाषण मीच वाचते, पहिल्या ओळीत तुझं नाव घालून. तू फक्त पुढे येऊन बस.
ती बसणार नाही.