बेगमच्या पोटाचा पट्टा

राजुरा, ५ फेब्रुवारी २०२४

चि. रूहीस नूरुद्दीनमामूचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आपल्या बेगम घोडीने तिसरा नवरदेव पाडला. वरात निघाली, बँड वाजला आणि चार पावलांवर खोगीर फिरले. नवरदेव थेट पोचूच्या भज्यांच्या गाड्यापाशी. फेटा डोक्यावर राहिला, तेवढीच अब्रू वाचली. खोगिराचा पोटाखालचा पट्टा मी स्वतः दात खाऊन आवळला होता. तुझी मामी म्हणते, घोडीला दमा आहे. श्वास सोडताना तिचे पोट आत ओढले जाते, ते मीही पाहिले.

म्हणून चिमूरच्या देवाजी वरातवाल्यांना घोडी द्यायची जबान देऊन बसलो. अठरा तारखेला ते येतील. बारा वर्षे दारात आहे, घास गोड लागत नाही. तू आलापल्लीला जनावरांची डॉक्टरकी शिकतेस, तर खरे काय ते कळव. फोनवर फार भरभर बोलतेस, लिहूनच पाठव. लोभ आहेच, थोडा बेगमवरही ठेव.

तुझा मामू

आलापल्ली, ९ फेब्रुवारी २०२४

ती. मामूंना रूहीचा आदाब. वि. वि.

बेगमला दमा नाही, लबाडी आहे. श्वास घेताना छातीखालचा पडदा आणि फासळ्यांमधले स्नायू आवळतात. सोडताना ते ढिले पडतात आणि छाती आपोआप खाली बसते. घोड्याचे तेवढ्याने भागत नाही. उरलेली हवा काढायला शेवटी पोटाचे स्नायूही आवळतात. तुम्ही पाहिले ते हेच. दमा असता तर पोट जोराने पिळले असते आणि खोकलाही आला असता. ही तर तासभर नाचते.

तुम्ही पट्टा आवळता तेव्हा ती छाती फुगवून धरते. तुमची पाठ वळली की आरामात श्वास सोडते आणि पट्टा सैल. आधी चार पावले चालवा, मग आणखी दोन भोके आवळा. आणि मामू, तिला विकू नका. तिच्याच पाठीवर बसून मी डॉक्टर व्हायचे ठरवले होते. मामीला सलाम, माया असू द्या.

तुमची रूही

राजुरा, १८ फेब्रुवारी २०२४

चि. रूहीस आशीर्वाद. वि. वि.

तुझी दोन भोके खरी ठरली. परवाचा नवरदेव मांडवापर्यंत शाबूत पोचला. पण जबान ती जबान. आज जड मनाने बेगमला देवाजींपुढे उभी केली. बसून पाहतो म्हणाले. मी पट्ट्याला हात घालायला गेलो, तर म्हणाले, नूरुभाऊ, मले नका शिकवू, तीस वर्षांपासून घोडे पाळून राह्यलो. मी हात मागे घेतला. घोडी द्यायची जबान दिली होती, अक्कल द्यायची नाही.

त्यांनी पट्टा आवळला. बेगमने छाती फुगवली. मी श्वास धरून उभा. मग तिने तिचा सोडला आणि देवाजी खोगिरासकट भाताच्या तणसाच्या ढिगात. उठून कपडे झाडत म्हणाले, ही घोडी मले नाई पायजे. जबान त्यांनीच मोडली.

ते गेले आणि माझा दोन आठवडे धरलेला श्वास आपोआप सुटला. मग शेवटी पोटाचे स्नायूही आवळले, तू लिहितेस तसेच. गोठ्यामागे जाऊन डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मामी धावत आली आणि विचारते, तुमालेही दमा लागला काय. तिला दमाच वाटू दे; हे पत्र तिच्या हाती पडू देऊ नकोस, एवढी माया कर.

तुझा मामू