ड्रॉवरमधला ट्रॅप

३ मार्च, सकाळी
चौदा महिन्यांपूर्वीच्या त्या सकाळीही मी रोजचंच काम करत होते. वाचनालय झाडलं, टेबलं पुसली, नऊ कॉम्प्युटरांवरचे रुमाल काढले. ह्यांचा फोन गुरगुरला. हे म्हणाले, तीन नंबरची वायर पुन्हा निघाली बघ. भिंतीवरच्या स्विचमधून, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना नेट वाटणाऱ्या डब्यातून, कुठलीही वायर निघाली की तो ह्यांच्या फोनला कळवतो. त्या निरोपाला ट्रॅप म्हणतात.

हे जाऊन चौदा महिने झाले. स्विच अजून त्यांनाच कळवतो. फोन ड्रॉवरमध्ये असतो. रोज चार्ज करते. बॅटरी खराब होऊ नये म्हणून, बाकी काही नाही.

लेक म्हणते, आता स्विचमध्ये तुझ्या फोनचा पत्ता घाल. आज घालते. दहा मिनिटांचं काम.

४ मार्च
आज नाही. आधी स्विचचं माहितीपुस्तक वाचावं. शाळा चौथीत सुटली, वाचन नाही सुटलं. दोनशे बारा पानं म्हणजे किस झाड की पत्ती! नवव्या पानावर डोळा लागला. उजेड कमी होता.

६ मार्च
स्विचच्या सेटिंगमध्ये शिरले! ‘कम्युनिटी’, म्हणजे आत शिरायचा परवलीचा शब्द, त्यापुढे ‘पब्लिक’ होतं. लेक म्हणाली, बदल, कुणीही घुसेल. मी ‘प्रायव्हेट’ केलं. आता कोणाची टाप आहे! तिला सांगितलं तर ती इतकी हसली की जावईबापूंनी फोन घेतला. म्हणाले, आई, पब्लिक नाही चाललं की चोर लगेच प्रायव्हेटच लावून बघतो. मला ठाऊक होतं. त्यांची परीक्षा घेत होते.

९ मार्च, दुपारी
‘ट्रॅप कुणाला?’ तिथे ह्यांच्या फोनचा पत्ता. चार आकडे, मध्ये टिंबं. खोडायला बोट ठेवलं. मग आठवलं, कपाट आवरायचं राहिलंय.

११ मार्च
कपाट आवरलं. दोनदा. तीन नंबरची वायर निघाली. रोज पेपर वाचायला येणारे गुरुजी ओरडले, बाई, तीन नंबरचं नेट गेलं! मी ड्रॉवरपाशीच होते. म्हटलं, हो, ह्यांनी आत्ताच सांगितलं. गुरुजींनी पेपर तोंडासमोर धरला.

१२ मार्च
लेकीला खरं ते सांगितलं. ह्यांचा पत्ता खोडला तर तो फोन परत कधी वाजणार नाही. ती म्हणाली, अगं आई, खोडायला कुणी सांगितलं? खाली तीन ओळी रिकाम्या आहेत. पान दहावर चित्रासकट दिलंय.

१३ मार्च
दुसऱ्या ओळीत माझा पत्ता घातला. तीन नंबरची वायर मुद्दाम काढली. दोन्ही फोन वाजले. वायर परत लावली.