शंभर हवे, आले चौसष्ट

३ मार्च

ती. आत्यास सा. न.

तू गावातून गोळा करून पाठवलेल्या रक्ताच्या दोनशे नळ्या पोचल्या. प्रयोगशाळेच्या खिडकीशी धुकं आलं की त्यांच्याकडे बघतच बसावंसं वाटतं. तुझं अख्खं गाव इथे फळीवर मुकाट उभं आहे.

पण एक घोळ आहे. प्रत्येकाला एक खूण आईकडून मिळते, एक बापाकडून. खुणा दोन तऱ्हेच्या, गावात निम्म्यानिम्म्या. लग्नं गावभर कुठेही जुळत असतील, तर दोनशेत शंभरेक जणांकडे दोन्ही खुणा हव्यात. आले चौसष्ट! इतका फरक योगायोगाने पडत नाही. सर म्हणतात, नर्सबाईंनी, म्हणजे तू, नळ्या उन्हात ठेवल्या, म्हणून खुणा पुसल्या गेल्या. मी भांडले. तरी विचारते, तसं काही झालं का? रागावू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी भाची

१० मार्च

चि. मोजणीबाईस अ. आ.

रागावले तर! तीस वर्षांत माझी एक नळी उन्हात राहिलेली नाही, सांग तुझ्या सरांना.

मग दवाखान्याच्या दारात बसून समोरचा, दोन आळ्यांना जोडणारा जिना बघत राहिले. वरच्या आळीतून खालच्या आळीत दिवसभर माणसं ये-जा करतात, आजारपणात एकमेकांकडे धावतात. सोयरीक मात्र एकही नाही. आळ्या वेगळ्या करून मोज बघू.

खालच्या आळीतल्या घड्याळवाल्याने मला अठ्ठावीस वर्षांपूर्वी मागणी घातली होती. आपण वरच्या आळीचे, म्हणून तुझे आजोबा नाही म्हणाले, मी मान खाली घातली. तो अजून एकटाच आहे. परवा त्याने पुन्हा विचारलं. मला भीती वाटते गं.

तुझ्यावर जीव असलेली,
आत्या

१८ मार्च

ती. आत्यास सा. न.

वेगळं मोजलं. दोन्ही आळ्यांच्या शंभर-शंभर नळ्या; एक खूण खाली पाचात चार, वर पाचात एकच, म्हणून दोन्ही खुणांचे दोन्हीकडे बत्तीस-बत्तीस यायला हवे होते. खाली तेहेतीस आले, वर एकतीस. म्हणजे जुळलंच. तुझ्या नळ्या निर्दोष. सरांनी कान पकडले.

मी नाचायला हवं होतं, पण रडूच आलं. आकडा असा चोख यायला तुझ्यासारख्या किती जणींनी मान खाली घातली असेल? आजोबा आता नाहीत. आत्या, हो म्हण ना.

तुझीच,
भाची

२ एप्रिल

चि. मोजणीबाईस अ. आ.

म्हटलं हो. तो डोळ्याला भिंग तसंच ठेवून माझ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिला. स्वप्नात असल्यासारखी जिना चढून घरी आले.

या वयात आमच्यामुळे तुझ्या आकड्यांत काही फरक पडायचा नाही, पोरी. महिन्याची नोटीस दिली आहे; ती संपली की पहिल्या शनिवारी अकराला नोंदणी कचेरीत सह्या आहेत. साक्षीदार तीन लागतात. खालच्या आळीतले दोघे लगेच तयार झाले. तिसरा वरच्या आळीचा हवा, असा माझा हट्ट. दादाला विचारलं, तर तुझे बाबा चपला घालून बाहेर निघून गेले.

वरच्या आळीची म्हणून तू ये.

लोभ आहेच, आता सोबतही हवी.
आत्या