‘गढूळ’ शोधलं आणि शून्य आलं

मंगळवार, संध्याकाळ

प्रफुल्ल पूर्ण खरं बोलला की अर्धंच? डोक्यातून जातच नाही. ऑफिसात पाण्याच्या तक्रारींच्या डेटाबेसवर शब्द टाकून सर्च तपासत होते. ‘गढूळ’ टाकलं. उत्तर शून्य. बेसा भागात राहणाऱ्या मामींची गढूळ पाण्याची तक्रार तर मीच भरली होती! नोंदी उघडून पाहिल्या, तर जिकडेतिकडे गढूळ. मग शून्य कसं?

शेजारच्या टेबलावरून प्रफुल्ल म्हणाला, “अर्ध्याहून जास्त नोंदींत तोच शब्द आहे ना, म्हणून सर्च त्याले फालतू समजून सोडून देते. बग नाही वं, सेटिंगच तशी आहे.”

तपासलं. खरंच तशी आहे. म्हणजे सगळे एकच गोष्ट ओरडले, की ती ऐकूच येत नाही.

“मग उद्या पाण्याच्या चौकशी कमिटीसमोर, तक्रारी किती ते हाच शब्द टाकून दाखवायचं, हे कोणी ठरवलं गा?”

“साहेबांनी.” मान वर केलीच नाही त्यानं.

साहेबांना ही सेटिंग कोणी सांगितली? प्रफुल्ल गेल्यावर मी सर्चची क्वेरी बदलली, कोणताच शब्द सुटणार नाही अशी. आता सगळ्या तक्रारी येतात, मामींचीसुद्धा. दोघांनाही बोलले नाही. शून्याच्या भरवशावर कोण बसलंय, ते उद्या चेहऱ्यावरच दिसेल.