वर्तनाच्या पाच पायऱ्या

सोमवार, २ जून. पहाटेच्या प्रार्थनेनंतर.
रिव्ह्यू वीस तारखेला. शिक्षण खात्याचा अधिकारी सकाळच्या बोटीनं येणार, दुपारच्या बोटीनं जाणार. मधल्या चार तासांत त्याला दिसलं पाहिजे की या शाळेत मुलांचं कल्याण मास्तरांच्या मर्जीवर नाही, लेखी धोरणावर चालतं. बारा पॉलिसी हव्यात. दोन तयार आहेत: हात धुण्याची आणि झेंड्याची.
बायको माकेरेता लेकीच्या बाळंतपणाला राजधानीत, सुवाला गेली, ती जुलैपर्यंत येत नाही. घर शांत आहे, काम भरपूर होईल.
संकल्प: रोज एक पॉलिसी. रोज एक स्तोत्र पाठ. यंगोना, ते गुंगी आणणारं मुळीचं पाणी, प्यायची ती फक्त शनिवारी.

मंगळवार, ३ जून
पॉलिसी झाली नाही. यंगोना झाली. मेहुणा पेनिआसी वाडगा घेऊन दारात आला, आणि मेहुण्याला नाही म्हणणं आमच्यात बसत नाही. स्तोत्राच्या दोन ओळी झाल्या.

बुधवार, ४ जून
आज मात्र देवानंच हात धरून लिहवून घेतलं. पॉलिसी क्रमांक पाच, 'वर्तनाच्या पाच पायऱ्या'. एक: ताकीद. दोन: एक बाक मागे. तीन: शेवटचा बाक. चार: व्हरांड्यात चटई. पाच: प्रवेशपत्रावर ज्या पालकाची सही आहे, त्यानं स्वतः येऊन हेडमास्तरांशी समोरासमोर बोलायचं, तोवर मूल वर्गात बसणार नाही. खाली जाड अक्षरात: नात्यागोत्याला अपवाद नाही.
आमच्या लहानपणी डोंगरातल्या शाळेत मास्तरांच्या हातात दांडका असे. मी दांडका काढून कागद आणला. आईला दाखवायला हवं होतं.
संध्याकाळी गावसभेत वाचून दाखवलं. गावप्रमुखांनी दोनदा मान डोलावली. दुसरी बहुधा झोपेत. पेनिआसी मागून म्हणाला, शालकबुवा, शिडी माणसाला वर नेते, तुमची तर मागे नेते. सगळे हसले. हसणं म्हणजे मान्यताच. बदल करायचा तर आता पुन्हा सभाच घ्यावी लागेल, असंही मीच जाहीर करून टाकलं. पक्कं काम.

गुरुवार, ५ जून
शिडीची सुरुवात घरातूनच झाली. केलेरा माझी भाची, बहीण विलिमाईना आणि पेनिआसीची मुलगी. चौथीत, माझ्याच वर्गात, पहिल्या बाकावर. गेल्या वर्षी वर्गात पहिली होती. यंदा काही विचारलं की आधी माझ्या तोंडाकडे टक लावून बघते. फळ्यावर लिहिता लिहिता विचारलं तर उत्तरच देत नाही. आज सातचा पाढा विचारला, तीनदा. तीनदा गप्प. मी वळून पाहिलं तेव्हा ती खिडकीबाहेर बघत होती.
उद्धटपणा. बापाकडून आलेला.
ताकीद दिली, आणि मधल्या सुट्टीनंतर एक बाक मागे. स्वतःची भाची म्हणून सूट दिली नाही. देव पाहतो.

रविवार, ८ जून
चर्चमध्ये विलिमाईना बायकांच्या बाजूनं माझ्याकडे बघत होती असं वाटलं. खात्री नाही, कारण मी बघितलं नाही.
विलिमाईना माझ्या पाठची. लग्न होऊन या गावात आली, आणि दोन वर्षांपूर्वी माझी बदली इथेच झाली. मी बारा वर्षांचा झालो तेव्हापासून आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. भांडण नाही, आदर. बहीणभाऊ जाणते झाले की बोलत नाहीत, एका चटईवर बसत नाहीत, हे आमच्या घराण्यानं अजून सोडलेलं नाही. सदतीस वर्षं झाली. काही निरोप असला तर माकेरेता नेते-आणते. शहरातली माणसं हसतात. पण एवढी शांत व्यवस्था शहरात तरी कुठे आहे?

मंगळवार, १० जून
केलेरा आता शेवटच्या बाकावर. अगदी शांत असते. एकही उत्तर चुकत नाही, कारण एकही देत नाही. फाईलमध्ये नोंद: तिसरी पायरी परिणामकारक.
पेनिआसीकडे यंगोना. (मंगळवार. पण त्याच्या चुलत्याचा वाढदिवस.) चार माणसांत तो म्हणाला, "शालकबुवा, तुमची भाची बहिरी झाली. तुमचं भाषण ऐकून ऐकून. तिची आई म्हणते, जरा पुढे बसवा पोरीला."
मी म्हणालो, आधी तुझी जीभ पुढच्या बाकावर बसव, ती फार भटकते. मंडळी मांडीवर थापा मारून हसली. पेनिआसी जरा उशिरा हसला. वय होत चाललं त्याचं. मेहुण्यांमध्ये वीस वर्षं बोलून एक शब्द खरा निघू नये, हीच या नात्याची मजा.

बुधवार, ११ जून
पॉलिसी क्रमांक आठ: पालकांसाठी तक्रारपेटी. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, वर फट, कुलूप, किल्ली माझ्याकडे. सकाळी लावली, दुपारी उघडली. एक चिठ्ठी निघाली. पण कलम तीन: निनावी चिठ्ठी वाचू नये. म्हणून घडी शेवटच्या टोकाकडून उघडून आधी सही बघितली. सही नव्हती. बाकीचं न वाचता चुलीत टाकली. 'कान' एवढा एक शब्द चुकून दिसला. माझा स्वतःचा नियम माझ्याच कुतूहलापेक्षा मोठा ठरला, याचं फार समाधान वाटलं.
तक्रारी: शून्य.

शुक्रवार, १३ जून
केलेरा व्हरांड्यात, चटईवर. शेवटच्या बाकावरून तिनं माझं एक वाक्य शेजारणीला विचारलं, म्हणजे वर्गात बोलली.
शलेशनी मॅडम पहिली-दुसरी घेतात. पलीकडच्या गावातून होडीनं येतात, डब्यात रोटी आणि वांग्याची भाजी असते, आणि मला कधी त्यांच्या डब्यातलं दिल्याशिवाय राहत नाहीत. आज डबा न उघडताच आल्या. म्हणाल्या, मास्तर, मुलगी डावीकडून हाक मारली तर वळत नाही, मी तीन दिवस बघतेय. मी म्हणालो, आरोग्याची बाब पॉलिसी क्रमांक सात, फॉर्म चार, पालकाच्या सहीनं. त्या म्हणाल्या, मग द्या फॉर्म. मी म्हणालो, प्रिंटरची शाई संपली आहे, रिव्ह्यूनंतर येईल. त्या म्हणाल्या, तुमच्या शाळेत मूल बुडायला लागलं तर आधी शाई आणायला जाल. आणि गेल्या.
भाजी मिळाली नाही. कसाव्याचे कंद आणि टिनमधले मासे खाल्ले.
बाईमाणूस मनानं चांगली आहे, पण तिला प्रक्रिया कळत नाही.

सोमवार, १६ जून
पाचवी पायरी. चटईवरही सुधारणा नाही. मी तिच्या डाव्या बाजूला बसून नीतीच्या चार गोष्टी सांगितल्या. तिनं मान वाकडी केली, 'हो' नाही, 'नाही' नाही.
आता नियमाप्रमाणे पालकाला बोलवायचं. प्रवेशपत्र काढलं. सही विलिमाईनाची. पेनिआसी तेव्हा सोन्याच्या खाणीत कामाला होता.
प्रवेशपत्र परत कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं.

मंगळवार, १७ जून
पेच असा. विलिमाईना माझ्यासमोर बसून बोलू शकत नाही. तिनं बोलल्याशिवाय केलेरा वर्गात येऊ शकत नाही. पॉलिसी तीनप्रमाणे शाळेच्या वेळात मुलाला घरी पाठवता येत नाही. पॉलिसी नऊप्रमाणे वर्गाबाहेरच्या मुलावर हेडमास्तरांची स्वतःची नजर हवी. पॉलिसी चारप्रमाणे वर्ग मास्तरांशिवाय ठेवता येत नाही.
म्हणून उंबरठ्यावर खुर्ची टाकली. अर्धा आत, अर्धा बाहेर. दिवसभर. पाठ आखडली. आतली मुलं म्हणतात ऐकू येत नाही, बाहेरची काहीच म्हणत नाही.
पेनिआसी आला, म्हणाला मी करतो सही. मी म्हणालो, प्रवेशपत्रावर तुझी नाही. तो म्हणाला, मग पॉलिसी बदला. मी म्हणालो, त्याला गावसभा लागते, पुढची अठ्ठावीसला. तो म्हणाला, अहो, तुम्ही स्वतःच लिहिलीत ना? मी म्हणालो, म्हणूनच.
प्रार्थना केली की काही वाट दाखव. उत्तर अजून नाही. बहुधा योग्य मार्गानं येतंय.

बुधवार, १८ जून
पुन्हा उंबरठा. गावातून जाणारा प्रत्येक जण थांबतो. एक म्हातारा विचारून गेला, मास्तर, तुम्हाला कितव्या पायरीवर ठेवलंय?
फाईल मात्र पूर्ण. बाराच्या बारा. प्लास्टिकच्या कव्हरात.

गुरुवार, १९ जून
दुपारी विलिमाईना आली. सोबत शलेशनी मॅडम. चर्चला घालते तो पोशाख. मी उठून आत जाणार होतो, रीतच तशी आहे. पण ती उंबरठ्याच्या बाहेरच्या कडेला बसली, माझ्याकडे पाठ करून, आणि बाहेरची वाट अडली. माझी खुर्ची तिच्या मागे. आत जावं तर केलेरा बाहेर, आणि पॉलिसी नऊ तिच्यावरून नजर हलवू देईना. मी मॅडमना म्हणालो, त्यांना विचारा काय काम आहे. मॅडम म्हणाल्या, मी काही विचारणार नाही.
मग ती बोलली.
"एमोसी. तिला डाव्या कानानं ऐकू येत नाही. फेब्रुवारीपासून पू येतोय. औषध चालू आहे. नर्सनं सांगितलं होतं, शाळेत पुढे बसवा आणि तिच्याकडे तोंड करून बोला. तू तिला मागे मागे नेलीस."
सदतीस वर्षांत आवाज बराच आईसारखा झालाय.
थोडं थांबून म्हणाली, "नवऱ्याला पाठवलं, तुम्ही हसलात. चिठ्ठी टाकली. आता समोरासमोर बोलले. झाली तुझी पाचवी पायरी. तिला आत घे."
मी पालकभेटीचा फॉर्म विलिमाईनाच्या नाही, मॅडमच्या हातात दिला. आदर म्हणून. की तिच्याकडे बघवेना म्हणून, ते लिहिता येत नाही. तिनं फॉर्मवर सही केली, केलेराच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेली. रीत मोडल्याबद्दल ती गावात काय ऐकून घेणार, ते मला माहीत आहे.
केलेराला पहिल्या बाकावर बसवलं. सातचा पाढा तिच्याकडे बघून विचारला. सत्तरपर्यंत न थांबता म्हणाली. मग विचारलं नसताना आठचाही म्हणाली.
संकल्प: आता ती तिथून हलणार नाही.

शुक्रवार, २० जून
रिव्ह्यू. अधिकारी सज्जन माणूस. फाईल हातात घेऊन म्हणाला, वा. तक्रारी शून्य, पालकभेट एक. मग म्हणाला, ही शिडी चालताना बघायची आहे, कोण कुठल्या पायरीवर आहे?
कलम सहा: पाचव्या पायरीनंतर मूल एक आठवडा सुधारणेसाठी तिसऱ्या पायरीवर राहील. मीच लिहिलंय. त्याचं बोट नेमकं त्याच ओळीवर होतं.
चार तास. फक्त चार तासांसाठी केलेराला शेवटच्या बाकावर पाठवलं. जाता जाता तिच्या कानात सांगितलं की बाळा, दुपारच्या बोटीपर्यंतच. नंतर लक्षात आलं, कान डावा होता.
ती पाटी-पुस्तकं उचलून गेली. तक्रार केली नाही.
शेरा: 'उत्तम'. इतर शाळांनीही ही शिडी घ्यावी, असं त्यानं लिहिलं. मी शिक्षकांच्या शिबिरात जाऊन ती समजावून सांगायची. नाही म्हणायला कुठलंच कलम सापडलं नाही.

सोमवार, २३ जून
पहिला बाक पुसून ठेवला. फळ्याकडे पाठ करून बोलायचा सराव घरी केला होता. केलेरा आली नाही. बहुधा सर्दी.

बुधवार, २५ जून
आली नाही. पॉलिसी अकराप्रमाणे तीन दिवसांनी घरी चौकशी करायची. घरासमोरून दोनदा गेलो. विलिमाईना अंगणात चटई विणत होती, म्हणून थांबता आलं नाही.
माकेरेताला फोन केला. नात झाली. आनंद. विलिमाईनाला निरोप देशील का म्हटलं, तर म्हणाली, इथून? काय सांगू? मला नेमकं सांगता आलं नाही.

शुक्रवार, २७ जून. शाळा सुटल्यावर.
पेनिआसी आला. दारातच उभा राहिला. शाळा सोडल्याचा दाखला हवा आहे. केलेराला नदीपलीकडच्या शाळेत घालणार. रोज अर्धा तास होडी, शलेशनी मॅडमच्या गावची शाळा. मी म्हणालो, मेहुण्या, होडीत पोरगी तुझीच बडबड ऐकून कंटाळेल. तो हसला नाही. उशिरानंही नाही. खिशातून घडी केलेला अर्ज काढला आणि टेबलावर ठेवला.
अर्ज विलिमाईनाच्या अक्षरात, पूर्ण भरलेला. नाव, इयत्ता, जन्मतारीख, सगळं बरोबर. शाळा सोडण्याचे कारण: 'त्या शाळेत आईला मास्तरांशी बोलता येतं.'
कारण खरं आहे की नाही ते तपासणं पॉलिसी बाराप्रमाणे हेडमास्तरांचं काम. तपासलं.
सही केली. शिक्का मारला.