तुतीच्या पुडिंगचे थर

अप्पा, काल दुपारी मी तुमचं तुतीचं पुडिंग केलं. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदाच. तसं म्हटलं तर तुम्ही असतानाही त्या रविवारनंतर आपल्या घरात ते कधी झालं नाही, आणि का होत नाही हे कुणी कुणाला विचारलंही नाही. आता मी मुलाकडं, हुबळीजवळ उणकलला राहते. तळ्याच्या अंगाला नवीन इमारती झाल्यात, त्यातल्या एकीत. नातीनं फोनवर कुठंतरी पुडिंग बघितलं, भट्टी नको, शेगडी नको, नुसते थर लावायचे आणि गार करायचं. मुलगा प्लास्टिकच्या डब्यांतून तुती आणि स्ट्रॉबेरी घेऊन आला, सायीऐवजी क्रीमचं खोकं. "आज्जी, काचेच्या भांड्यात करूया, बाहेरून थर दिसतात," नात म्हणाली. बाहेरून थर दिसतात म्हणूनच तर आपलं सगळं झालं होतं.

रेल्वे लाइनीपलीकडं साहेबांच्या बंगल्यामागं आपली खोली होती. स्वयंपाकघर बंगल्यापासून तुटक, मधे पत्र्याखालून जायची वाट, आणि मागच्या भिंतीला लागून तुतीचं झाड. फळ काळं पडायला लागलं की बाईसाहेब सांगायच्या, "बटलर, या रविवारी पुडिंग होऊ दे." तुम्ही स्वयंपाकी, पण बंगल्यात तुम्हाला सगळे बटलरच म्हणत. मग मी झाडाखाली जुनी चादर पसरायची आणि तुम्ही फांद्या हलवायचात. तुती धुऊन, देठ काढून, फडक्यावर अर्धा दिवस निथळत ठेवायची. बर्फाची लादी भुशात गुंडाळून यायची. दुधाची साय जमवून ती बर्फावरच्या पातेल्यात, पिठीसाखर घालून, काट्यानं फेटायची. मग काचेचं मोठं भांडं ओल्या फडक्यावर ठेवायचं. तळाला दुधात बुडवून लगेच काढलेली बिस्किटं, त्यावर साय, त्यावर तुती, परत बिस्किटं. प्रत्येक थर झाला की भांडं बर्फावर ठेवून वाट बघायची. मी एकदा घाई केली होती, साय घट्ट व्हायच्या आत वरून तुती टाकली, आणि जांभळा रंग ओघळून खालपर्यंत उतरला. तुम्ही रागावला नाहीत. नुसतं म्हणालात, "आता हे आपण खायचं. त्यांच्या टेबलावर असलं जात नाही." तेवढ्यानंच मला रडू आलं होतं.

तुमचा हात नेमका कधी हलायला लागला ते मला आठवत नाही. मला कप आठवतो. खोलीत चहा पिताना कप बशीवर वाजायला लागला, मग तुम्ही बशी घेणं सोडलं, मग कप सोडून पितळी पेला घेतला, तोही अर्धाच भरलेला. आई सगळं बघायची आणि काही बोलायची नाही. स्वयंपाकात फारसं अडत नव्हतं. कणीक मळताना, साय फेटताना हात हलतोच, त्यात हलणारा हात कुणाला कळणार? अडायचं ते थर लावताना. चमचा काचेला लागला की साय भांड्याच्या भिंतीला फासली जायची, आणि पुसली तरी डाग राहायचा. एका रविवारी तुम्ही दाराला आतून कडी लावलीत आणि चमचा माझ्या हातात दिलात. मी तेव्हा हायस्कुलात गेले होते नुकती. तुम्ही मागं उभं राहून हळू आवाजात सांगत होता, "कडेनं, कडेनं. मधे नंतर. श्वास सोड ग पोरी, श्वास धरलास की हात ताठ होतो." तेव्हापासून पुडिंगचे थर माझे झाले. आणि तेव्हापासून वाटेवर चपलांचा आवाज आला की माझा चमचा हवेतच थांबायचा. बाईसाहेब दार वाजवायच्या, मी चमचा टाकून कोपऱ्यात भांडी घासायला बसायची, तुम्ही हात पाठीमागं बांधून उभे राहायचात. त्या विचारायच्या, "कडी कशाला?" तुम्ही सांगायचात, "माशा येतात, बाईसाहेब."

दारूबंदीचे दिवस होते. ज्याचा हात हलतो तो चोरून पितो, एवढंच लोकांना ठाऊक. तुम्ही तर घेत नव्हताच. छप्पन सालानंतर आपल्या वस्तीत दीक्षा झाली तेव्हा मी लहान होते, पण पांढऱ्या साडीतली आई आणि पांढऱ्या सदऱ्यातले तुम्ही मला दिसता. सगळ्यांबरोबर तुम्ही पंचशील म्हणालात, त्यातलं शेवटचं शील नशापाणी न करण्याचं. त्याआधी सणासुदीला कधी घेतली असेल तर असेल, त्यानंतर थेंब नाही.

मग साहेबांचे वरचे साहेब जेवायला यायचे ठरले. रविवारचं दुपारचं जेवण. बाईसाहेब मुद्दाम स्वयंपाकघरात येऊन सांगून गेल्या, "पुडिंग टेबलावर आणून तुम्हीच वाढायचं, बटलर. त्यांना जुन्या पद्धतीचं आवडतं." त्या गेल्या आणि तुम्ही चुलीपाशी तसेच बसून राहिलात. थर मी लावीन, पण वाढायला कोण जाणार?

साहेबांच्या गाडीचा ड्रायव्हर आपला शेजारी, मागच्या खोलीतला. धारवाडकडचा, अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलणारा, मनानं चांगला. आदल्या दिवशी तो कागदात गुंडाळलेली चपटी बाटली घेऊन आला. म्हणाला, "अण्णा, माझ्या मामाचा हात असाच हलायचा. एक घोट घ्या, अर्धा तास थांबा, हात दगड होतो की नाही बघा. औषध समजून घ्या."

"मी शब्द दिलाय," तुम्ही म्हणालात.

"शब्द दिला तेव्हा हात हलत होता काय?" तो म्हणाला आणि बाटली पिठाच्या डब्यामागं ठेवून निघून गेला.

तो गेल्यावर आई पहिल्यांदा बोलली. मला वाटलं होतं, ती बाटली फेकायला सांगेल. ती म्हणाली, "एक दिवस घ्या. मी सांगते म्हणून घ्या. ही खोली गेली तर जायचं कुठं? पोरीची शाळा इथून चालत आहे. पाप लागलं तर मला लागू दे." मला तुमची भीती वाटली नाही, आईची वाटली. आई असं काही बोलू शकते याची.

रविवारी मी थर लावले. मनात भीती होती. तरी कधी नव्हे इतके सरळ लागले. पांढरा, जांभळा, बदामी, परत पांढरा. बंगल्यात सूप गेलं, मटण गेलं, भांडी परत आली. तुम्ही पिठाच्या डब्यामागचा कागद सोडलात. बाटली उजेडात धरलीत. आई दारात होती, मी भांड्यापाशी. तुम्ही बूच काढलंत, नाकाजवळ नेलंत. मग मोरीपाशी जाऊन सगळी बाटली ओतलीत. गुळचट, आंबट असा वास सगळ्या स्वयंपाकघरात भरला. तुम्ही वरून पाणी टाकायला तांब्या उचलला आणि त्याच वेळी बाईसाहेब दारात आल्या, पुडिंगला उशीर का म्हणून बघायला.

त्यांनी वास घेतला. मोरीतल्या बाटलीकडं बघितलं, मग तुमच्या हातातल्या तांब्याकडं. तांब्यातलं पाणी हिंदकळून तुमच्या पायांवर सांडत होतं.

"बाईसाहेब, अप्पांनी प्यायली नाही," मी म्हणाले. "ओतून दिली."

"म्हणजे घरात होती," त्या म्हणाल्या. मग खालच्या आवाजात, "पाहुणे थांबलेत. आधी वाढा."

तुम्ही भांडं उचललंत. मी मागोमाग जेवणाच्या खोलीच्या पडद्यापर्यंत गेले. पडद्याच्या फटीतून मला टेबलाचा कोपरा, पाहुण्यांचा पांढरा शर्ट आणि तुमचा हात एवढंच दिसत होतं. चमचा काचेला लागून वाजायला लागला. बोलणं हळूहळू थांबलं आणि तो आवाज तेवढा राहिला. भांड्यापासून पाहुण्यांच्या ताटलीपर्यंत पांढऱ्या टेबलक्लॉथवर जांभळे थेंब पडत गेले. पाहुणे म्हातारे होते, भले होते. त्यांनी खाल्लं आणि मोठ्यानं म्हणाले, "वा! आणखी वाढा." बिचाऱ्यांना वाटलं असेल आपण सांभाळून घेतोय. तुम्हाला परत चमचा उचलावा लागला. अप्पा, आयुष्यात मी पुष्कळ वाईट बघितलं, पण त्या 'आणखी वाढा'सारखं काही नाही.

संध्याकाळी साहेबांनी व्हरांड्यात बोलावलं. "पोलिसांत देत नाही, एवढं लक्षात ठेवा," म्हणाले. तुम्ही ड्रायव्हरचं नाव घेतलं नाहीत. मला तोंड उघडू दिलं नाहीत. खोली सोडायला सांगितली ती आपण सोडली.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे, तरी लिहिते. जुन्या हुबळीत एक खोली मिळाली. आईनं दोन घरची धुणीभांडी धरली. दुर्गदबैलच्या बाजारात एका खानावळवाल्यानं तुम्हाला भाकरीचं पीठ मळायला ठेवलं. परातीत दोन्ही हात घातले की हलतात का थांबतात, कोण बघतंय. मी चालत जात होते ती शाळा लांब पडली, पण सुटली नाही, आणि पुढं मी धारवाडला मास्तरीण झाले. बंगल्यावरून जाताना आई रस्ता बदलायची. तुम्ही बदलत नव्हता. मान खाली घालून, हात सदऱ्याच्या खिशात घालून सरळ जायचात.

एकदाच मी विचारलं. माझं लग्न ठरलं होतं, आपण दोघं ओट्यावर बसलो होतो. "त्या दिवशी एक घोट घेतला असता तर, अप्पा?"

मला वाटलं, तुम्ही शिलाचं काहीतरी सांगाल. तुम्ही म्हणालात, "हात थांबला असता ग. ड्रायव्हर खोटं बोलत नव्हता. त्याचीच मला भीती वाटली. रविवारी थांबला असता, मग सोमवारी चहा न्यायचा होता, मंगळवारी परत जेवण. थांबतो म्हटल्यावर मी थांबलो नसतो." मग हसून म्हणालात, "मी काही फार मोठं केलं नाही. भ्यालो."

तुम्ही गेल्यापासून मी रोज सकाळी उजवा हात उजेडात धरून बघते. पुष्कळ वर्षं काही नव्हतं. फळ्यावर खडूनं सरळ रेघ ओढली की मनात म्हणायची, आजचा दिवस गेला. रिटायर झाल्यावर हळूच सुरू झालं. आधी सुईत दोरा जाईना, मग सही बदलली. मी पण कप सोडून स्टीलचा पेला घेतला. मुलाला सांगितलं, कप गरम लागतो. शेवटी भाजी आणायला म्हणून निघाले आणि हुबळीत एका डॉक्टरीणबाईकडं गेले. तिनं मला कागदावर गोल काढायला लावलं, पेल्यातलं पाणी दुसऱ्या पेल्यात ओतायला लावलं. विचारलं, "घरात आणखी कुणाला होतं?" मी म्हणाले, वडलांना. ती म्हणाली, "मग तेच आहे. घराण्यातून येतं. जिवाला धोका नाही, गोळीनं कमी होतं." आणि औषधाचं लिहिता लिहिता म्हणाली, "काहींचा हात दारूनं तात्पुरता थांबतो, पण त्या वाटेला लोक लागतात, म्हणून आम्ही सांगत नाही." मी खुर्चीत तशीच बसून राहिले. ती विचारत होती, पाणी हवंय का. तुमच्या हाताला नाव होतं, अप्पा. ते नाव एका कागदावर लिहून कुणी साहेबांच्या हातात दिलं असतं तर काय झालं असतं, हे आता विचारून उपयोग नाही. पण वाटेत रिक्षात मला तेवढंच सुचत होतं.

गोळी सुरू आहे. थोडा फरक आहे, पूर्ण नाही. म्हणून काल काचेचं भांडं बघून घाबरले. पहिला थर लावला, चमचा वाजला. नातीनं मान वर केली. "आज्जी, थंडी वाजते काय?"

"नाही ग," मी म्हणाले. "माझ्या अप्पांचा हात असाच हलायचा. माझा पण हलतो."

"दुखतं?"

"दुखत नाही."

"मग असू दे," ती म्हणाली आणि बिस्किटं मोडायला लागली. मुलगा दारात उभा होता. त्यानं ऐकलं. तो माझ्याकडं बघत राहिला, आणि मला त्याच्याकडं बघवेना. पुडिंग बरं झालं. थर वाकडे झाले, जांभळा रंग पांढऱ्यात उतरला, कुणाचं काही अडलं नाही. बोटांनी पुसून पुसून खाल्लं पोरीनं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, हे लिहायला बसतानाच ठाऊक होतं. तरी एक सांगून ठेवते. शेवटचा थर मी नातीला लावायला दिला. सगळ्यांना वाटलं, आज्जी दमली. मी दमले नव्हते. तिनं चमचा काठोकाठ भरून भांड्यावर नेला, आणि मी तुती वेचत असल्यासारखं करून तिच्या हाताकडं बघत होते.